वेणूले धाडून द्या

वाशीम, २१ नोव्हेंबर १९३७

भाऊजींच्या पायावर डोकं ठेवून गोजरा लिहिते,

तुमच्यापुढे मी कधी पदर सरकू दिला नाई, तोंड वर करून बोलली नाई. म्हणून लिहून राह्यली. समोर उभी असती तं एवढं बोलनं झालं नसतं.

तुमचे भाऊ गेले, मंग वेणूले तुमच्या घरी ठेवून मी इकडे आली. निघताना तुमी म्हटलं होतं, "हाताले काम लागलं अन् डोक्यावर छप्पर आलं का घेऊन जाय तुही पोरगी." तं काम लागलं. इथल्या एका जिनात बायाइच्या लेकराइसाठी बाळघर काढलं हाय. बाया दिवसभर सरकी काढनाऱ्या रेच्यावर कापूस टाकतात, तोवर त्याइचे पोट्टे माह्यापाशी. पहिले ह्याच बाया पोट्ट्याइले अफू चाटवून कापसाच्या ढिगाआड निजवत. एखादं उठतच नसे. आता थे सारे माह्या अंगावर खेळतात. मी चवथी शिकली म्हणून मले मुख्य केलं. हाताखाली हाजराबी हाय. वयानं मोठी, एकटी, आवाज असा का एका हाकेत पोट्टे गप्प.

जिनाच्या शेटजींनी गावासाठी बाग केली हाय, सगळ्याइले खुली. गुरुवारी आमी पोट्ट्याइले तिथं नेतो. त्यासाठी मी एक लांब दोरी केली, तिले गाठी मारल्या. एका गाठीले एक पोट्टं. पुढे मी, मागं हाजराबी. रस्त्यानं लोक हसतात. हसू द्या. बागेत मोटेची विहीर हाय, मोटेच्या अंगानं उघडी, अन् पोट्टे पाणी पाहिलं का धावतात. दोरी सोडाची नाई, हे पहिल्या दिवसापासून शिकवलं.

जिनाच्या मागं मले खोली भेटली. चूल मांडली. आता वेणूले धाडून द्या. जाऊबाईले नमस्कार.

तुमची
गोजरा


अनसिंग, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८५९

चि. गंगाभागीरथी गोजराबाई हीस उकंडराव यांचा आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. माझ्या हाती येण्याआधी ते चावडीवर चार जणांनी वाचले. आमच्या घरची विधवा जिनात पोरे राखते, हे गावाला कळले. यापुढे पाकिटात घालून पाठवावे.

वेणू खुशाल आहे. अंगाने भरली. तुझी जाऊ रुपाबाई हिच्या कुशीत निजते. परवा पाहुण्यांनी विचारले, "तुझी माय कोणती?" तर पोरीने रुपाबाईकडे बोट केले. आम्ही सगळे हसलो. लहान जीव, त्याला काय कळते. तू मनाला लावून घेऊ नये.

तुझी दोरीची गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा रुपाबाई म्हणाली, "आमच्या वेणूले बी असीच बांधन का?" मी तिला समजावले. पण तूही विचार कर. जिनाचे काम हंगामापुरते. उन्हाळ्यात जिन बंद झाले म्हणजे पोरीला घेऊन कोणाच्या ओसरीवर बसशील? आधी नोकरी टिकव. वरच्यांची मर्जी राख. शब्द वाढवू नको. मग वेणूचे पाहू. मी शब्दाचा माणूस आहे.

उकंडराव


वाशीम, १९ डिसेंबर १९३७

भाऊजींस गोजराचा नमस्कार,

ही चिठ्ठी पाकिटात घालून धाडली.

वेणूनं बोट केलं ते वाचलं. तुमी म्हटलं मनाले लावू नको, नाई लावत. हाजराबीनं माह्या तोंडाकडे पाहून इचारलं, "क्या हुआ?" मी सांगितलं. थे म्हणे, "लेकरू जिसके पास सोता, उसीको माय बोलता. तेरे पास सोएगी तो तेरेको बोलेगी." म्हणून माही घाई.

इकडे एक नवीन झालं. संक्रांत झाल्यावर अकोल्याहून एका बड्या साहेबाची मडम बाळघर पाहाले येनार. शेटाणीबाईनं ठरवलं, बाळघरात नाई, बागेत पाह्यचं. मंडप, खुर्च्या, फोटोवाला. पोट्ट्याइले नवे झबले शिवले. कालच्याले आमाले बोलावून सगळं समजावलं. मी म्हटलं, "बाईसाहेब, दोरी धरूनच नेतो ना?"

थे म्हणे, "दोरी? ढोरं हाय का ते? मडम पाहीन तं काय म्हणन?"

"बाईसाहेब, विहीर हाय तिथं."

"एवढे मानसं असतीन! दोरी दिसली नाई पाह्यजे मले. अन् तुले जमत नसन तं तसं सांग, दुसरी पाहू."

तुमचा शब्द मनात होता, वरच्याइची मर्जी राख म्हणून. मी हो म्हटलं. हाजराबी माह्यासंगं न येता पुढे निघून गेली.

भाऊजी, त्या दिवशी तुमी वेणूले घेऊन या. बागेत सगळं गाव येनार हाय. मले नुसतं पाहू द्या तिले. दुसऱ्याइच्या पोट्ट्याइचे नाक पुसते, डोक्याले तेल लावते, अन् हात तिच्यासाठीच फिरते. एवढं ऐका.

गोजरा


अनसिंग, पौष शुद्ध पंचमी

आशीर्वाद विशेष.

समारंभास मी येईन. शेटजींची ओळख व्हावी असे मनात आहेच. वेणूला बैलांच्या दमणीतून आणतो. पोर तुझ्याकडे किती वेळ ठेवायची ते मी तिथे ठरवीन. चार मोठ्या माणसांत रडारड करू नये. त्या दिवशी तुझे काम माझ्या डोळ्यांनी पाहीन आणि वेणू तुझ्याकडे द्यावी की नाही ते त्यावरून ठरवीन.

उकंडराव


वाशीम, २५ जानेवारी १९३८

भाऊजी,

त्या दिवशी बागेतून तुमी वेणूले उचललं अन् दमणीत बसून गेले. मंग काय झालं ते तुमाले ठाऊक नसन, म्हणून लिहिते.

मडम यायच्या आधी शेटाणीबाईनं हाजराबीले मंडपात बोलावलं, खुर्च्या मांडाले. ती म्हणे, "बाईसाब, पोट्टे?" बाई म्हणे, "ही हाय ना." मी एकटी उरली. पोट्टे नव्या झबल्यात, मोकळे. पहिल्यांदा मोकळे. मी त्याइले चिंचेखाली गोल बसवलं अन् गानं म्हणाले लावलं.

तेवढ्यात तुमी वेणूले घेऊन आले. ती तुमच्या धोतराआड लपली. मी हात पुढे केला, तिनं तोंड फिरवलं. तुमी म्हटलं, "जाय बेटा, पाह्य कोण हाय." मी खाली बसली. तिच्या नावानं हाक नाई मारली, लहानपनी मारत होती तसी "चिऊ" म्हटलं. तवा तिनं पाह्यलं. एक एक पाऊल आली. माह्या रिकाम्या मनगटाले बोट लावून म्हणे, "बांगडी नाई?" अन् मांडीवर बसली. मी तिच्या केसात तोंड घातलं. जाऊबाईच्या तेलाचा वास होता, पण त्याच्या खाली तिचाच होता.

तेवढाच वेळ, भाऊजी. मी डोळे मिटले होते.

मोट हाकनारा गफ्फार वरडला तवा उघडले. गोलात देवला नव्हता. मानोऱ्याकडून हंगामाले आलेली रंगूबाई हाय, तिचं पोट्टं. दोरीच्या मधल्या गाठीले धरून चालनारं, कधी न रडनारं. गफ्फार मोटेचा नाडा धरून विहिरीत उतरला. वर आनलं तवा नव्या झबल्यातून पानी गळून राह्यलं होतं. मडमेची मोटार फाटकातूनच वळवली. फोटोवाल्यानं सामान बांधलं.

रंगूबाई तवा रेच्यावर होती. तिले कोणी सांगितलं ते मले माहीत नाई. ती आली तवा तिच्या डोक्याले, भिवयाले कापूस होता. तिनं पोट्ट्याले घेतलं, हलवलं, उलटं केलं, पाठीवर मारलं. मंग माह्याकडे पाह्यलं. शिवी नाई दिली. फक्त इचारलं, "दोरी होती ना बाई?"

मी काय सांगू तिले, भाऊजी?

उद्या-परवा फौजदार जबानी घेनार म्हणतात. मी जसं झालं तसं सांगन.

गोजरा


अनसिंग, पौष वद्य त्रयोदशी

गोजराबाईस,

हे पत्र वाचून चुलीत टाकावे.

जसे झाले तसे सांगायला तू काय सत्यनारायणाची पोथी वाचते आहेस? मी शेटजींना भेटून आलो. भला माणूस. त्यांचे म्हणणे इतकेच की त्या वेळी पोरे हाजराबीच्या ताब्यात होती आणि ती कुठेतरी पान खात बसली. तूही तेच सांगावे. खुर्च्या मांडायला तिला कोणी बोलावले, हा विषय नको. शेटाणीबाईंचे नाव नको. दोरीचा तर उच्चारही नको.

आणि वेणूचे नाव मुळीच नको. माझ्या भावाच्या पोरीचे नाव मेलेल्या पोराच्या पंचनाम्यात लागले, तर लक्षात ठेव, या जन्मात ती तुला दिसणार नाही. उद्या तिच्या लग्नात लोक काय बोलतील? हिच्यापायी एक लेकरू मेले, असे?

मी सांगतो तसे बोललीस तर माघी पौर्णिमा झाली की वेणूला मी स्वतः आणून तुझ्या खोलीत सोडतो. रुपाबाईची समजूत काढली आहे. तुझी नोकरीही राहील, शेटजींनी कबूल केले. हाजराबीचे काय, एकटा जीव. थोडे दिवस आत राहील, सुटेल. तिच्यामागे रडायला लेकरू नाही. तुझ्यामागे आहे. कोणाचे पाहायचे ते तू ठरव.

उकंडराव


वाशीम, ५ फेब्रुवारी १९३८

भाऊजी,

सांगितलं.

फौजदारानं इचारलं, पोट्टे कोणाच्या ताब्यात होते. मी म्हटलं, हाजराबीच्या. ती कुठं होती? मी म्हटलं, मले दिसली नाई. तो लिहीत गेला, मी बोलत गेली. खाली सही केली.

हाजराबी तिथंच उभी होती. मले वाटलं ती ओरडन, मले खोटी पाडन. तिनं नुसती "गोजरा?" म्हणून एकदा हाक मारली. मी पाह्यलं नाई. मंग तिनं शिपायाले म्हटलं, "चलो."

तिचा भाऊ जमशेद बांगड्या विकते. हातगाडी सोडून रोज कचेरीच्या दारात बसून राह्यते. मी त्या रस्त्यानं जात नाई.

बाळघर चालू हाय. हाजराबीच्या जागी दुसरी नाई दिली. पोट्टे तिले शोधतात. बागेत न्याचं बंद झालं.

पौर्णिमा जवळ आली. वेणूसाठी मी वाकळ शिवली. आता तिले धाडून द्या.

गोजरा


अनसिंग, माघ वद्य द्वितीया

गोजराबाईस आशीर्वाद.

तुझ्या जबानीची हकीकत शेटजींकडून कळली. ते तुझ्यावर खूश आहेत. मलाही समाधान वाटले.

आता वेणूविषयी. पौर्णिमेला निघायचे म्हणून बैल जुंपायला सांगितले होते. पण रुपाबाईने मला एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "जी बाई आपल्याबरोबर दिवसभर काम करनाऱ्या बाईच्या तोंडावर खोटं बोलली, तिच्या हाती पोरगी देता?" तूच सांग, काय उत्तर द्यावे?

आणि दुसरे. बागेत मी तुझ्यापासून चार हातांवर उभा होतो. ते पोर उठले, विहिरीकडे निघाले, ते मी पाहिले. मला वाटले तुझे लक्ष असेल. नव्हते. वेणू तुझ्याजवळ असताना तुला दुसरे काही दिसत नाही. अशा बाईकडे पोर राहिली तर पोरीचे काय होईल आणि बाकीच्यांचे काय होईल? मी तिच्या भल्याचेच पाहतो.

तू म्हणशील, शब्द मोडला. रागाच्या भरात कोणाकडे जाऊ नये. कोणी मला विचारलेच, तर मला खरे काय ते सांगावे लागेल, आणि मग खोटी जबानी दिली म्हणून तुलाच आत जावे लागेल.

नोकरी नीट कर. वाकळ चांगली झाली असेल तर पाठवून दे. इकडे थंडी आहे.

उकंडराव


वाशीम, १ मार्च १९३८

उकंडराव भाऊजी,

तुमी चार हातांवर उभे होते. तुमी पाह्यलं. तुमच्या पायाले काय झालं होतं? तोंडाले काय झालं होतं? एक हाक मारली असती तं देवला थांबला असता. हाकेले थांबनारं पोट्टं होतं थे.

तुमचं पत्र घेऊन मी कोणाकडे गेली नाई. मी एकटीच गेली, कचेरीत. सांगितलं का माही जबानी खोटी हाय. दोरी काढाले कोणी लावली ते सांगितलं, हाजराबीले कोणी नेलं ते सांगितलं. माह्या मांडीवर वेणू होती अन् माहे डोळे मिटले होते, हेही सांगितलं. जवळ कोण उभं होतं इचारलं, तुमचं नाव दिलं. साहेबानं मले दोनदा इचारलं, "बाई, समजून बोलता ना?" मी म्हटलं, पहिल्या खेपेले समजून बोलली नव्हती.

हाजराबीले सोडलं. मी दारात उभी होती. ती माह्या बाजूनं गेली, पदर लागन एवढ्या जवळून. थांबली नाई. जमशेदनं मात्र थांबून माह्याकडे पाह्यलं अन् जमिनीवर थुंकला.

मले खोटं बोलल्याबद्दल उभं केलं, ताकीद देऊन सोडलं. शेटाणीबाईले कोणी काही म्हटलं नाई. पन बाळघराले कुलूप लागलं. खोलीही गेली. बाया पुन्हा पोट्ट्याइले अफू चाटवून राह्यल्या. त्या मले पाहून तोंड फिरवतात, हिच्यापायी बंद झालं म्हणून.

मी रंगूबाईकडे गेली. तिच्या पालात बसून सगळं सांगितलं. ती भाकर थापत होती, थापतच राह्यली. शेवटी म्हणे, "तू तुह्या पोरीले पाहून राह्यली होती. मी काय पाहून राह्यली होती? कापूस." मंग म्हणे, "आता जाय. पुन्हा येऊ नको." मी उठली.

आता माह्यापाशी लपवाले काही नाई अन् तुमच्यापाशी मले भेवडवाले काही नाई. वेणूले घ्याले मी येऊन राह्यली. तिचं तोंड धुवून ठेवा.

गोजरा


अनसिंग, फाल्गुन शुद्ध सप्तमी

गोजराबाईस,

कचेरीतून मला बोलावणे आले. जाऊन आलो. मी म्हणालो, मी बैलांकडे पाहत होतो, मला काही दिसले नाही. साहेबांनी मानले. तू माझे काही वाकडे केले नाहीस, एवढे कळावे.

येऊ नको. कारण सांगतो.

बागेतून परत येताना वेणू दमणीत सारखी विचारत होती, लोक काहून वरडत होते, विहिरीत कोण पडलं. ती बाई कुठे गेली, मले चिऊ म्हणनारी. रात्रंदिवस तेच. जेवेना. रुपाबाई कंटाळली. मग मी तिला सांगून टाकले की ती बाईच विहिरीत पडली. तीच तुही खरी माय होती, अन् थे पान्यात गेली, मेली. पोर रडली. फार रडली, खोटे कशाला सांगू. मग थांबली. आता जेवते, खेळते, रुपाबाईला माय म्हणते. विहिरीवर मात्र जात नाही.

तर आता तू दारात उभी राहिलीस, तर तिला काय वाटेल याचा विचार कर. मेलेले माणूस दारात पाहिले तर मोठ्यांची दातखीळ बसते, हे तर लेकरू. तुला पाहून पोर भेदरली आणि तापाने फणफणली, तर ते पापही तुझ्याच माथी येईल. एक लेकरू तुझ्या हातून गेले आहे. दुसरे घालवू नको. तिच्यासाठी तू मेलेली आहेस, तशीच राहा. खऱ्या मायने एवढे करावे.

उकंडराव


वाशीम, १२ मार्च १९३८

उकंडराव,

भाऊजी लिहिवत नाई.

तुमचं पत्र मी रस्त्यात उभी राहून वाचलं. खाली बसली. मंग गाठोडं बांधलं. उद्या एका दमणीत जागा भेटली, अनसिंगच्या बाजाराले जानाऱ्या. तुमी दार लावसान. लावा. मी दारासमोर बसन. गाव पाहीन, चावडी पाहीन, पाहू द्या. तुमचे मानसं मले उचलून फेकतीन, मी पुन्हा येऊन बसन.

वेणू मले पाहून किंचाळन. मले माहीत हाय. तिच्या किंचाळन्यानं माहं काय होईन तेही माहीत हाय. किंचाळू द्या. थकन तवा थांबन. मी जवळ जानार नाई, हात लावनार नाई, ती येईन तवर बसून राहीन. ती नाईही येईन. तेही मी धरून चालली.

पन एक गोष्ट मी तिले दुरून का होईना, ओरडून सांगन. तुमी मले मारलं, त्याचं मले एवढं काही नाई. पन तुमी त्या पोट्ट्याचं मरनही चोरलं. त्याच्या जागी मले निजवलं अन् तो होता हेच पुसून टाकलं. तसं मी होऊ देनार नाई. वेणूले मी सांगन का विहिरीत मी नव्हती पडली. तीन वर्साचं पोट्टं पडलं होतं. त्याचं नाव देवला होतं, अन् त्याले माय होती, अन् ती माय अजून कापूस टाकून राह्यली.

गोजरा